नळाचं पाणी आणि घरात निघालेला राग

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की साक्ष बहुधा मोठ्या वळणाची असते. दारू सुटली, दुखणं बरं झालं, बिघडलेला मुलगा घरी परतला. बेळगावच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा इतिहासही आपण तसाच सांगतो. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं सुरू झालं, १८३१ मध्ये मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पद्मनजी याच गावात जन्मले, १८५४ मध्ये इथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सांगायलाच हवं. पण बाप्तिस्मा घेऊन माणूस घरी येतो, आणि घरी नळ असतो, शेजार असतो, अंथरुणावर पडलेलं म्हातारं माणूस असतं, शाळेला निघायची घाई असते. ख्रिस्ताचा स्वभाव आपल्यात उतरतोय की नाही, हे तिथं कळतं. त्याबद्दल साक्ष मात्र सहसा कुणी देत नाही.

म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरोघरच्या प्रार्थनासभा चालवणाऱ्या, भेटी देणाऱ्या, स्त्रियांच्या सभेत समुपदेशनाचं काम अंगावर पडलेल्या माझ्यासारख्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं. जिचं हे प्रकरण आहे तिच्या परवानगीनंच लिहिलं आहे. तिनं मजकूर वाचला आणि एके ठिकाणी मी सौम्य केलेलं वाक्य पुन्हा कडक करायला लावलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गल्लीत तिला सगळे टीचर म्हणतात, तेच इथं म्हणू. शेजारणीला सगळी गल्ली अक्का म्हणते.

गल्ली, घर आणि पाणी

वडगाव-खासबाग भागातली ही एक मागवाल्यांची, म्हणजे विणकरांची गल्ली. दिवसभर खटखट चालू असते, ती थांबली की लाईट गेली असं समजायचं. टीचर मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात. नवरा उद्यमबागेत एका कारखान्यात शिफ्टनं जातो, मुलगा पुण्यात नोकरीला. घरात सासूबाई आहेत, त्यांना लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून त्या खाटेवरच असतात. बोलणं अडखळतं, उजवी बाजू चालत नाही, कपडे आणि अंथरूण रोज धुवावं लागतं. इतर घरांपेक्षा या घराला पाणी जास्त लागतं ते यामुळे.

शेजारी अक्काचं घर, मधली भिंत एकच. अक्का, दोन मुलं, सुना, नातवंडं, आणि मागच्या खोलीत माग. घरात कन्नड बोलतात, गल्लीत आल्यावर मराठी-कन्नड मिसळून. टीचरनाही बाजारापुरतं चांगलं कन्नड येतं. संक्रांतीला अक्काकडून तिळगूळ, नाताळला टीचरकडून करंज्या, हे कित्येक वर्षांचं. गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच.

शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून २००८ च्या सुमारास शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. या गल्लीत तसं नव्हतं. मध्ये काही दिवस सोडून पाणी यायचं, तेही पहाटे, थोडा वेळ. एप्रिल-मेमध्ये राकसकोपची पातळी उतरली की मधले दिवस वाढायचे. वॉलमननं पाणी सोडलं की एका टोकाकडून ‘पाणी आलं’ आणि दुसऱ्या टोकाकडून ‘नीर बंतू’ अशी हाक एकदमच उठायची.

पुढचं समजायला मोटरची गोष्ट कळली पाहिजे. असं थोड्या वेळापुरतं पाणी येतं तेव्हा पाइपलाइन पूर्ण भरलेली नसते आणि दाबही कमी असतो. कुणी नळाच्या जोडणीलाच थेट मोटर लावली की ती मुख्य पाइपमधून पाणी ओढून घेते. शेजारच्या नळाची धार आधी करंगळीएवढी होते, मग नुसती हवा येते. पाइपला कुठं चीर असेल तर आजूबाजूचं घाण पाणीही आत ओढलं जातं. अशी मोटर लावणं नियमात बसत नाही. तरी अर्ध्या गल्लीत मोटर आहे, कारण एकानं लावली की दुसऱ्याला मिळत नाही, मग दुसराही लावतो.

दिवाळीनंतर अक्काच्या थोरल्या मुलानं मोटर बसवली.

गप्प बसण्याचे महिने

सुरुवातीला टीचरना वाटलं, दाब कमी असेल. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे घुर्र सुरू झालं की आपला नळ फसफसायला लागतो. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. कारण विचारल्यावर मला जे सांगितलं ते असं: ‘गल्लीत आपलं एकच घर ख्रिस्ती. आपण नळावर भांडलो तर प्रभूचं नाव खराब होणार. म्हणून सहन केलं.’

हे कारण खोटं नव्हतं. एकट्या घराला अशी काळजी असते आणि ती मी हलकी मानत नाही. पण ते गप्प राहणं आतून रिकामं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख सगळं त्यावरच असतं. फेब्रुवारीचं पान मी पाहिलं. निळ्या बॉलपेननं चौकोनाचौकोनात लिहिलं होतं: ‘मोटर’. ‘सहा घागरी फक्त’. ‘मोटर’. ‘आईंचे कपडे राहिले’. एका चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती फुली, ती इतकी दाबून की मार्चच्या पानावर उमटली होती.

याच दिवसांत त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट शिरली. सांगताना त्यांना सगळ्यात जड गेलं ते हेच, आणि मी सौम्य केलेलं वाक्यही इथलंच होतं. ‘अक्काचा मुलगा’ असं मनात येणं बंद झालं आणि ‘हे कन्नड लोक’ असं येऊ लागलं. आपल्या भागात हे किती सोपं आहे ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. बेळगाव कन्नड राज्यात गेल्याचं १९५६ पासूनचं ते दुखणं खरं आहे, त्याबद्दल ज्याचं त्याचं मत असू शकतं. पण नळावरची चिडचीड त्या मोठ्या दुखण्याचा आधार घेते तेव्हा ती न्यायाची गोष्ट वाटू लागते, आणि मग तिच्याबद्दल पश्चात्ताप करायचं माणसाच्या मनातही येत नाही. खालच्या बाजूच्या दोन मराठी घरांतही मोटर होती. टीचरना ते माहीत होतं. त्यांच्या नावानं कॅलेंडरवर एकही नोंद नव्हती.

ती सकाळ

मार्चअखेरची गोष्ट. मध्ये बरेच दिवस गेले होते, पहाटे पाणी आलं आणि थोड्याच वेळात पलीकडे मोटर लागली. तीन घागरी भरल्या, चौथी अर्धी. नवरा रात्रपाळी करून झोपला होता. सासूबाईंचं अंथरूण रात्रीत एकदा बदललं होतं, सकाळी पुन्हा ओलं झालं. टीचर ओरडल्या, ‘एवढं पाणी कुठून आणू मी तुमच्यासाठी? कळत नाही काय?’ आणि चादर जोरानं ओढली. चादरीबरोबर म्हातारीचा हात ओढला गेला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला. त्या काही बोलल्या नाहीत. तोंड भिंतीकडे केलं. दुपारपर्यंत मनगटावर काळानिळा डाग उठला.

घराबाहेर पडताना कट्ट्यावर अक्का बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘टीचर, शाळेला निघाला काय?’

टीचर हसून म्हणाल्या, ‘हो अक्का, उशीर झाला आज.’

या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. राग आला तो मोटर लावणाऱ्यावर, निघाला तो जिला हात उचलून बाजूला घेता येत नाही तिच्यावर, आणि मोटरवाल्या घराला हसरा चेहरा मिळाला. राग पाण्यासारखा उताराकडे जातो. घरात सगळ्यात खाली जो असतो त्याच्याकडे तो पोचतो: लहान मूल, आजारी माणूस, कामाला येणारी बाई. गल्लीनं टीचरना विचारलं असतं तर सांगितलं असतं, फार सोशिक बाई. घरातल्या खाटेवरून वेगळं उत्तर आलं असतं. गलतीकरांस लिहिताना पौलानं आत्म्याच्या फळात सहनशीलता आणि सौम्यता दोन्ही सांगितली आहेत. ती दोन्ही घराच्या आत मोजायची असतात.

त्यानंतरचा रविवार महिन्यातला पहिला होता, म्हणजे प्रभूभोजनाचा, भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीचा. आपल्या मेथडिस्ट उपासनापद्धतीत त्या मेजेकडे बोलावताना जुनं आमंत्रण वाचतात: जे आपल्या पापांबद्दल मनापासून पश्चात्ताप करतात आणि आपल्या शेजाऱ्यांशी प्रीतीनं व सलोख्यानं राहतात, त्यांनी जवळ यावं. टीचर कॉयरमध्ये असतात. कॉयरमधले सगळे उठून पुढं गेले, त्या बसून राहिल्या. आपल्याकडे असं कुणी बसून राहिलं की लगेच नजरा वळतात, पण विचारत कुणीच नाही. बुधवारी गृहसभा संपल्यावर मी गीतांची पुस्तकं गोळा करत होते तेव्हा त्या मागं थांबल्या. म्हणाल्या, ‘मला सहनशीलता मिळावी म्हणून प्रार्थना करा.’

मी विचारलं, ‘कुणाच्या बाबतीत?’

‘अक्काच्या.’ मग बराच वेळ गेल्यावर हाताचं सांगितलं.

कुणी काय सल्ला दिला

माझ्याकडे येण्याआधी त्यांना तीन सल्ले मिळाले होते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, सोसा, प्रार्थना करा, देव त्यांचं मन बदलेल. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, मोटरचा व्हिडिओ काढ आणि तक्रार टाक. गल्लीतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, तुम्ही पण मोटर लावा, विषय संपला.

तिसरा सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यानं खालच्या घराचं पाणी तुटतं. दुसऱ्यात चूक काही नाही, पण समोरासमोर एक शब्दही न बोलता एकदम कागद किंवा व्हिडिओ गेला तर भिंतीला भिंत असलेलं घर कायमचं बिघडतं. माझा खरा विरोध पहिल्याला आहे, कारण तो देवाच्या नावानं दिला जातो आणि बहुतेक वेळा बाईलाच दिला जातो. टीचर सोसतच तर होत्या! त्या सोसण्याची किंमत दुसरंच कुणी भरत होतं.

सभेत आम्ही बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचला. हाताची गोष्ट सभेत काढली नाही, ती सांगायची की नाही हे टीचरवर सोडलं होतं. तो अध्याय मोशेची बहीण मिर्याम हिच्या मृत्यूनं सुरू होतो, आणि लगेच पाणी नाही म्हणून लोक आपल्या पुढाऱ्याशी, मोशेशी भांडतात. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र असं ज्याच्याबद्दल गणना १२ मध्ये म्हटलं आहे तो हा माणूस. बहीण नुकतीच गेलेली, भोवती तहानलेली कटकट. देवानं खडकाशी बोल म्हटलं होतं. त्यानं लोकांना बंडखोर म्हणून झापलं आणि काठीनं खडकावर दोनदा मारलं. पाणी भरपूर आलं, तरी त्यामुळं मोशेला वचनदत्त देशात जाता आलं नाही.

यावर सभा चांगलीच तापली. एकीनं विचारलं, एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? दुसरी म्हणाली, पाणी तर आलं ना. मला तेच धरायचं होतं. पाणी आलं म्हणून रीत बरोबर ठरली नाही. तसंच टीचरनी गप्प बसून भांडण टाळलं हेही खरं, पण भांडण झालं नाही म्हणून सगळं ठीक चाललं होतं असं होत नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी इसहाकाच्या विहिरींचा दाखला काढला: उत्पत्ती २६ मध्ये त्यानं खणलेल्या विहिरींवर लोक भांडले, तो सोडून पुढं गेला आणि शेवटी मोकळी जागा मिळाली. दाखला सुंदर आहे आणि जिथं पुढं जाता येतं तिथं तो लागू पडतो. वडगावच्या गल्लीत टीचर दुसरी विहीर कुठं खणणार?

सभेत मी लिझ्यूच्या संत तेरेझाबद्दलही बोलले. १८७३ ते १८९७ एवढंच तिचं आयुष्य, त्यातली शेवटची नऊ वर्षं फ्रान्समधल्या कार्मेल मठात गेली. प्रार्थनेच्या वेळी मागं बसलेली एक बहीण सतत बारीक आवाज करायची, कपडे धुताना दुसरी एक तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवायची. मागं वळून बघावं, चेहरा पुसून नाराजी दाखवावी असं तेरेझाला वाटे. तिनं ते केलं नाही, तो आवाजच प्रार्थना म्हणून अर्पण केला आणि ते शिंतोडे घ्यायला शिकली. लहानशा त्रासातून पवित्रतेकडे जाण्याचा तिचा मार्ग मला फार जवळचा वाटतो. पण एक फरक दाखवायलाच हवा. तेरेझाच्या तोंडावरचं पाणी तेरेझानंच पुसलं. ते पुढं दुसऱ्या कुणावर उडालं नाही. आपलं सोसणं तसं आहे का, हे आधी बघावं. नसेल तर तिचं नाव घेऊन गप्प बसू नये.

काय केलं, कुठल्या क्रमानं

टीचरना आधी अक्काकडे जायचं होतं. मी म्हटलं, आधी घरात. बाहेरच्याशी बोलायला धैर्य लागतं आणि ते दाखवलं की मनाला बरं वाटतं. त्या बरं वाटण्याखाली सासूबाईंचा हात झाकला जाण्याची भीती होती.

त्यांनी सासूबाईंच्या खाटेशी बसून माफी मागितली. कारणं न देता. पाणी नव्हतं, मोटर होती, झोप झाली नव्हती, यातलं काहीही न सांगता, ‘आई, मी तुम्हाला ओरडले, तुमचा हात आपटला, माझं चुकलं.’ आजींनी चालणाऱ्या डाव्या हातानं त्यांचं बोट धरलं आणि अडखळत विचारलं, ‘पाणी आलं काय गं?’ डॉक्टरला दाखवलं, हाड सुखरूप होतं.

मग नवऱ्याला सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, डाग पाहून खाटेला लागलं असेल असं वाटलं होतं. मी इथं थोडं थांबणार आहे. या घरात पाणी भरणं, आजींचं सगळं, डबा, शाळा हे एकाच माणसाच्या अंगावर होतं. अशा माणसाला सहनशीलतेवर प्रवचन देणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवणं. चिडचीड कधी कधी पापाआधी थकव्याची खूण असते, आणि एकमेकांची ओझी वाहा ही आज्ञा नवऱ्यालाही आहे. आता पाण्याच्या दिवशी ते उठतात. रात्रपाळी असली तर आल्यावर आधी पाणी भरतात, मग झोपतात. टीचरच्या स्वभावात जो बदल दिसतो त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

कॅलेंडरवर लिहिणं त्यांनी एप्रिलपासून बंद केलं. प्रीती अपकार मनात धरून ठेवत नाही, हे वचन त्यांना लहानपणापासून पाठ होतं. नोंदी का थांबवल्या विचारलं तर म्हणाल्या, ‘लिहिलं की त्या दिवशीचा राग दुसऱ्या दिवशीपण ताजा मिळतो.’

आणि मग अक्का. मत्तय १८ मध्ये येशूनं सांगितलं आहे, भावानं अपराध केला तर जा आणि एकांतात त्याला दाखव. ते वचन मंडळीतल्या भावाबद्दल आहे हे मला मान्य आहे, पण आधी एकट्यानं जाऊन बोलण्यातली सभ्यता शेजाऱ्यालाही लागू करायला काय हरकत? पाण्याची वेळ टाळून त्या दुपारी गेल्या. लाईट गेलेली होती, माग बंद होते.

टीचर म्हणाल्या, ‘अक्का, एक सांगायचं होतं. तुमची मोटर लागली की माझ्या नळाला हवा येते. आईंचं धुवायचं असतं, पुरत नाही.’

अक्कांनी सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, ‘सगळी गल्ली लावते की टीचर. आम्ही नाही लावलं तर आम्हाला कोण देतंय?’

‘ते पण खरं आहे. पण तुमच्या-माझ्या मधे एकच भिंत. आपल्या दोघींचं काहीतरी ठरवता येईल काय?’

‘मुलाला सांगते.’

एवढंच. मनं जुळली, डोळे भरून आले, असं काही झालं नाही. पुढच्या पाण्याला मोटर लागलीच. फरक एवढाच की टीचरनी तेव्हाच दार वाजवलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, ‘अक्का, अजून दोन घागरी राहिल्यात, तेवढं थांबवा.’ मोटर थांबली. असं काही वेळा झाल्यावर अक्कांच्या थोरल्या सुनेनंच तोड काढली: पहिला अर्धा तास दोन्ही घरांत नळावरच भरायचं, नंतर अक्कांकडे मोटर. वरच्या घराची मोटर चालूच असल्यानं पाणी मुबलक झालं असं नाही, पण आजींच्या धुण्यापुरतं मिळू लागलं.

मेमध्ये काय झालं

राकसकोप खाली गेलं, मधले दिवस वाढले आणि ठरलेलं मोडलं. धाकट्या मुलानं पहिल्याच मिनिटाला मोटर लावली. टीचर गेल्या तर तो दारातच म्हणाला, ‘रोजचंच झालंय तुमचं.’ टीचरचा आवाज चढला. दोन-चार घरांनी ऐकलं इतका चढला.

संध्याकाळी त्या परत अक्कांकडे गेल्या. काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत: ‘सकाळी माझा आवाज चढला, ते चुकलं. मोटरचं म्हणणं मात्र तेच आहे.’

हे वाक्य मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे माफी मागितली की मुद्दाही सोडून द्यायचा असा समज आहे, म्हणून मुद्दा धरून राहायचा असेल तर माणसं माफी मागत नाहीत. टीचरनी दोन्ही वेगळं केलं. आवाजाची जबाबदारी घेतली, पाण्यावरचा हक्क सोडला नाही. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश असा याकोबाचा उपदेश आहे. बोलूच नका असं तो म्हणत नाही. आणि त्या सकाळी घरात काय झालं ते मी मुद्दाम विचारलं. आजींना वेळेवर पुसून, कपडे बदलून, चहा पाजून त्या शाळेच्या सुट्टीतल्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. राग ज्याच्यावर आला त्याच्यासमोर निघाला, थोडा जास्तच निघाला, पण खाटेपर्यंत पोचला नाही. मार्चमधल्या गोड हसण्यापेक्षा मेमधला हा चढलेला आवाज ख्रिस्ती स्वभावाच्या जास्त जवळ आहे असं माझं मत आहे. सभेतल्या काही बहिणींना ते पटत नाही. त्यांच्या मते गल्लीला जे दिसलं ते दिसलं. आमचा वाद चालू आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी टीचर कॉयरबरोबर मेजेशी गेल्या. ‘हे कन्नड लोक’ मनात येणं पूर्ण थांबलं का, विचारलं. नाही म्हणाल्या. येतं, पण आता आल्याबरोबर ओळखू येतं, मग अक्काच्या मुलाचं नाव मनात घेते.

दोन्ही घरांनी मिळून पाण्याच्या वेळेबद्दल आणि दाबाबद्दल अर्ज केला आहे. अर्ज कन्नडमध्ये आहे, अक्कांच्या सुनेनं लिहिला, गल्लीतल्या मोटर असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या घरांनी सह्या केल्या. अजून काही झालेलं नाही.

आमच्या सभेत यातून काय आलं

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात १७४२ मध्ये ब्रिस्टलला वर्गसभा सुरू झाल्या त्या प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायला. बारा-बारा जणांचा गट, प्रत्येकी आठवड्याला एक पेनी, आणि गटाचा पुढारी घरोघर जाऊन ती गोळा करायचा. घरोघर गेल्यामुळं माणसं खरी कशी जगतात ते दिसू लागलं, आणि पैशासाठी काढलेली व्यवस्था आत्म्याची विचारपूस करणारी झाली. मेथडिस्ट म्हणवतो तर ती विचारपूस आपण टिकवायला हवी. उपासनेत एकमेकांना पाहून कुणाची खाट दिसत नाही.

आमच्या सभेत आता दर आठवड्याला एक प्रश्न असतो: या आठवड्यात राग कुणावर आला आणि निघाला कुणावर? उत्तर मोठ्यानं द्यायची सक्ती नाही. पहिल्यांदा विचारला तेव्हा बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग एका तरुण आईनं मुलाच्या अभ्यासाचं सांगितलं, आणि एका भावानं, जो क्वचितच येतो, त्याच्या दुकानात कामाला असलेल्या पोराचं. त्या पोराला त्यानं दुसऱ्या दिवशी काय म्हटलं ते त्यानंच पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं. प्रश्न साधा आहे, पण तो विचारणाऱ्यानं स्वतःचं उत्तर आधी द्यावं, नाहीतर तो चौकशीसारखा वाटतो.

हे प्रकरण दुसरीकडे वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टीचर एकट्या अक्कांकडे गेल्या कारण त्या घराशी कित्येक वर्षांची देवाणघेवाण होती आणि अंगावर येईल असं तिथं कुणी नव्हतं. शेजारी दारू पिऊन मारहाण करणारा असेल, धमक्या देणारा असेल, किंवा त्रास देणारा माणूस घरातलाच असेल आणि हात उचलत असेल, तर मत्तय १८ चा दाखला देऊन कुणाही बाईला एकटीला पाठवू नये. ते चिडचिडीचं प्रकरण राहत नाही, तिथं सुरक्षित जागा, सोबतीला माणसं आणि गरज पडल्यास पोलीस लागतात. दुसरी गोष्ट आजारी माणसाची. घरात अंथरुणावरचं माणूस असेल आणि त्याची काळजी एकच जण घेत असेल, तर भेटीला गेल्यावर काळजी घेणाऱ्याशी बोलाच, पण त्या माणसाचे हात-पायही एकदा बघा, आणि शक्य असेल तर त्याच्याशी दोन मिनिटं एकट्यानं बोला. टीचरनी स्वतः सांगितलं म्हणून आजींचा डाग आम्हाला कळला. त्या आठवड्यात त्यांच्या घरी मंडळीतले तिघे जण येऊन चहा पिऊन गेले होते.